मृदुलाच्या मापाची बंदूक

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

सोमवारी आमच्या घरात माणूस शिरला होता. आठवडाभर हे वाक्य मी पोलिसांना, इन्शुरन्सच्या बाईला, आमच्या मुलीला, ऋचाला, आणि शेजाऱ्यांना सांगत होतो, पण सगळं इंग्रजीत किंवा अर्धवट इंग्रजीत. मराठीत सलग आज पहिल्यांदा लिहितोय, आणि मराठीत ते जास्त भीतीदायक वाटतंय.

पेनरोजहून, कामावरून, घरी आलो तेव्हा मागचं सरकतं दार उघडं होतं. मृदुला किचनमध्ये जमिनीवर बसलेली, पाठ डिशवॉशरला टेकलेली, कपाळावरचं रक्त भुवईपर्यंत आलेलं. मला बघून म्हणाली, "चारू, तो गेला का?"

पॅसेजमध्ये एक माणूस उभा होता म्हणे. उंच, काळं जॅकेट. बोलला नाही काही. ती मागे सरकली ती ओट्याच्या कोपऱ्यावर आपटली. भानावर आली तेव्हा तो नव्हता. हातातल्या पाटल्याही नव्हत्या. तिच्या आईच्या पाटल्या.

पोलीस आले ते ऋचाच्या वयाचे होते, वागायला चांगले. कुलूप तुटलेलं नाही, काच फुटलेली नाही. शेजारच्यांच्या कॅमेऱ्यात कुरिअरवाला आणि मांजर, एवढंच. त्यातल्या एकाने हळूच विचारलं, "दार चुकून उघडं राहिलं असेल का?" मृदुलाने मान खाली घातली. मला राग आला. दार उघडं राहिलं म्हणून कोणी आत यायचं का?

कपाळाला टाके पडलेत. तिला आता घरात एकटी सोडवत नाही. गेल्या वर्षी तिने शाळेतली नोकरी एकाएकी सोडली नसती तर दिवसा ती घरी नसतीच. गणित शिकवायला तिला आवडायचं. पण मुलांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, म्हणाली, आणि दिला राजीनामा.

२ मार्च, शनिवार

नवी कुलपं बसवली. मागे-पुढे सेन्सरचे दिवे लावले. सरकत्या दाराच्या खाचेत लाकडी दांडा ठेवला. तरी मृदुला संध्याकाळी पडद्याकडे बघत बसते. काल म्हणाली, "तिथे कुणीतरी उभं आहे असं वाटतं." मी पडदा ओढून दाखवला. बाहेर नुसतं कुंपण. "आत्ता होता," ती म्हणाली.

एवढी निधड्या छातीची बाई. कॉलेजात वर्कशॉपमध्ये आम्ही मुलं लेथला हात लावायला घाबरायचो तेव्हा हिने पहिला जॉब काढला होता. त्या माणसाने तिचं काय करून टाकलंय.

मी बंदूक घ्यायचं ठरवलंय. लिहून टाकलं की ठरतं.

मंगळवारी लंचला हेमीशी बोललो. हेमी आमच्या वर्कशॉपचा सुपरवायझर, डुकरांच्या आणि बदकांच्या शिकारीला जातो. किती वर्षं मी काढलेली ड्रॉइंग्ज तो लोखंडात उतरवतोय. त्याला विचारलं, घरासाठी बंदूक घ्यायची तर काय करावं लागतं. त्याने सँडविच खाली ठेवलं.

"घरासाठी म्हणजे?"

"म्हणजे कोणी घुसलं तर."

"नाही मेट. इथे त्या कारणासाठी लायसन्स मिळत नाही. आणि मिळायला पण नको." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मृदुला कशी आहे?"

दोन दिवसांनी मी त्याला सांगितलं की उडत्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायचा खेळ असतो तो मला शिकायचाय, डोक्याला विरंगुळा. त्याला आनंद झाला. "स्वीट ॲज," म्हणाला, आणि लायसन्ससाठी माझा रेफरी, म्हणजे माझी खात्री देणारा, व्हायला कबूल झाला. घरी येताना मोटरवेवर उगाचच रेडिओ मोठा केला.

७ एप्रिल, रविवार

अवोन्डेलच्या बाजारात गेलो होतो. मेथी, ओली हळद, केळफूल. मृदुलाला तो बाजार आवडतो, सगळे मोठ्याने बोलतात म्हणून. मी पैसे देत होतो तेवढ्यात ती दिसेनाशी झाली. तिचा फोन माझ्याच पिशवीत. सगळे स्टॉल शोधले, मग पार्किंग. शेवटी एका टोंगन आजीबाईंच्या तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, टेबलामागे ती खुर्चीवर बसलेली सापडली. आजींनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली होती.

"कुठे गेली होतीस?"

"गाडी शोधत होते. पांढरी."

आमची पांढरी गाडी विकून बरीच वर्षं झाली. मी विचारलं, "कोणी मागे लागलं होतं का?" ती म्हणाली, "असेल."

म्हणजे बाहेरसुद्धा. घराबाहेरही तिला तोच दिसतो. मी रिटायर झालो की व्हॅन घेऊन साउथ आयलंड फिरायचं असं आमचं केव्हाचं ठरलंय. या अवस्थेत ती कुठल्या आडबाजूच्या कॅम्पसाइटवर झोपेल? बंदूक आखूड हवी. घरात वळवता यावी आणि व्हॅनमध्ये सीटखाली मावावी.

ऋचाला वेलिंग्टनला फोन केला. "बाबा, कार शोधत होती? दॅट्स नॉट फिअर. तू तिला डॉक्टरकडे घेऊन जा, प्लीज." मी म्हटलं, घरात माणूस शिरल्यावर कोणीही गोंधळेल. ती म्हणाली, "ओके," पण फोन लगेच ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

२० जून, गुरुवार

लायसन्सच्या चौकशीला बाई घरी आली. जॅनिस नाव, पांढरे केस, पायात विणलेले मोजे. बंदुकीसाठी गॅरेजमध्ये बसवलेली तिजोरी तिने हलवून बघितली, बोल्ट तपासले. मग मला समोर बसवून विचारलं, कशासाठी. मी चकत्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "स्वसंरक्षण हे या देशात बंदूक बाळगण्याचं कारण होऊ शकत नाही, तुम्हाला माहीत आहे ना?" मी म्हटलं, माहीत आहे. ते खरंच होतं. तिने विचारलेल्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं नाही असं मी स्वतःला सांगतोय. घरात कोणाच्या तब्येतीचं काही, तिने विचारलं. काही नाही, म्हटलं.

मग ती मृदुलाशी एकटीशी बोलली. मी बाहेर लिंबाच्या झाडापाशी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने दोघी हसत बाहेर आल्या.

"काय विचारलं?" मी नंतर मृदुलाला विचारलं.

"तुझी भीती वाटते का, असं विचारलं."

"मग?"

"म्हटलं, छे. हा बशा फोडायला जाणार आहे. तर ती हसली. छान बाई आहे. परत येणार आहे का ती?"

"कशाला येईल?"

"कोणीतरी बोलायला आलं की बरं वाटतं," मृदुला म्हणाली आणि कप विसळायला गेली. विसळलेले कप तिने फ्रिजमध्ये ठेवले. मी काढून ठेवले.

३१ ऑगस्ट, शनिवार

बंदूक आली. वीस बोअरची पंप-ॲक्शन शॉटगन, सेकंडहँड, पोलिसांच्या रजिस्टरवर चढवली. तिच्याहून जड बारा बोअरचा धक्का मृदुलाच्या खांद्याला झेपणार नाही. मुळात ही उंच माणसाच्या मापाची आहे, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता लांब, तोल पुढे. मृदुलाने धरली तर पुढचा हात पोचणारच नाही. तिला ती धरावी लागणारच असं नाही. पण मी पेनरोजला असताना ती घरात एकटी असते, आणि नेमका मी नसतानाच तो आला होता.

कायद्याने तिला लायसन्स नसताना, मी शेजारी नसताना हात लावता येत नाही. तिजोरीची किल्ली माझ्याकडेच राहिली पाहिजे. हे सगळं माहीत असूनही मी तिच्या मापाचा दस्ता करणार आहे. मापात बसलेली वस्तू माणसाला धीर देते, एवढं मला धंद्यातून माहीत आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

सकाळी टेप घेऊन मृदुलाचा हात मोजला. कोपर काटकोनात, कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पेऱ्यापर्यंत. ती शहाण्या मुलीसारखी हात धरून उभी राहिली.

"ब्लाऊज शिवतोयस?"

"नाही, दुसरंच काहीतरी."

"बाही थोडी लांब ठेव. इथे थंडी असते." मग तिने माझा हात टेपसकट धरून ठेवला. "आज बाहेर जाऊया का? कुठेही. हाउइकला समुद्रावर जाऊ. नुसतं बसू."

मी म्हटलं, दस्त्याचं लाकूड कापून ठेवलंय, ते आजच आकारात आणलं पाहिजे. पुढच्या शनिवारी जाऊ.

रिमू या इथल्या झाडाचं लाकूड आहे, जुन्या कपाटाच्या दाराचं. तांबूस, रेषा सरळ. दिवसभर रंधा आणि पॉलिशपेपर. आखूड केला तरी एकूण लांबी कायद्याच्या किमान मर्यादेच्या वर राहते, पुन्हापुन्हा मोजून घेतलं. मागे रबराची गादी बसवली. संध्याकाळी खांद्याला लावून बघितला तेव्हा मला अर्थातच तोकडा झाला. तिला बरोबर बसेल. बऱ्याच दिवसांनी काम मनासारखं झालं.

गॅरेजचं दार उघडून ती मध्ये मध्ये बघून जात होती. दर वेळी विचारत होती, "झालं का?" मला वाटतं तिलाही हे लवकर पुरं व्हायला हवंय.

२२ सप्टेंबर, रविवार

काल हाउइकला जाणं झालं नाही. पुढच्या मुठीखाली टॉर्च बसवायची कडी पेनरोजला मिलिंग मशीनवर केली होती, ती बसवत होतो. बाजूला काडतुसांची पट्टी, खांद्याला अडकवायला जुन्या सॅकचा पट्टा. आता बंदूक एका हाताने काढता येते, वळवता येते, अंधारात समोरचं दिसतं.

संध्याकाळी मृदुला चहा घेऊन आली. ट्रे दारात धरून म्हणाली, "तुम्ही साखर घेता का?"

कॉलेजपासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. तिच्या घरच्यांना ते खटकायचं. एवढ्या वर्षांत तिने मला तुम्ही म्हटलं ते फक्त रागावल्यावर, टोमणा म्हणून. शनिवार बुडवल्याचा राग असणार. मी हसून म्हटलं, "घेतो की, बाईसाहेब." ती हसली नाही. ट्रे ठेवून, दार हळू लोटून गेली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

हेमीने मला रेंजवर बोलावलं होतं. तो म्हणाला, चल, तुझी बंदूक बघू तरी. केस उघडली. त्याने ती उचलली, टॉर्च बघितला, काडतुसांची पट्टी बघितली, दस्ता हाताने चाचपला.

"हे लाकडाचं काम सुंदर आहे," तो म्हणाला. मग टॉर्चवर बोट ठेवलं. "पण ही चकत्यांची बंदूक नाही, चारू. चकत्यांना टॉर्च लागत नाही."

मी काहीतरी सांगायला लागलो. त्याने हात वर केला.

"हा दस्ता कोणाच्या मापाचा आहे?"

मी सांगितलं.

"तिने मागितला?"

मी म्हटलं, तिला भीती वाटते.

"मी तुझ्यासाठी सही केली," हेमी म्हणाला. आवाज चढवला नाही. "माझ्या काकांनी मला पहिल्यांदा बंदूक हातात दिली तेव्हा म्हणाले होते, हिच्या टोकाला माणूस आहे अशी कल्पना केलीस तर घरी ठेवून ये. तू ती कल्पना करून ही बनवली आहेस." मग तो म्हणाला की माझ्या घरी ये, मृदुलाला घेऊन ये, माझी बायको तिच्याजवळ बसेल, आपण बोलू. बघू म्हटलं मी. आम्ही एकही चकती न उडवता घरी आलो.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी तोंडावर. मृदुलाला चकल्या करायच्या होत्या. गेल्या वर्षीची भाजणी उरलीये का ते बघायला मी वरचा डबा काढला. भाजणीला वास आला होता. टाकून द्यायला ओतली तर तळाला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या तिच्या पाटल्या.

मी गाठ न सोडता पिशवी ओट्यावर ठेवली.

चोराने जाताना लपवल्या असतील का? परत येऊन न्यायच्या म्हणून? पिशवीला मृदुला मारते तशी दुहेरी गाठ होती. तशी गाठ कोणीही मारू शकतो. कदाचित तो आला तेव्हा तिनेच घाईने लपवल्या असतील, आणि डोक्याला मार लागल्यामुळे विसरली असेल. हे पटण्यासारखं आहे. हेच झालं असणार.

मी तिच्या हातात चढवल्या. तिने मनगट फिरवून उजेडात बघितल्या. "माझ्या आईच्याही अशाच होत्या," म्हणाली.

पोलिसांना कळवायला हवं. इन्शुरन्सलाही. ऋचालाही सांगितलं नाही अजून. सांगितलं की ती काय म्हणेल ते मला माहीत आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

लिहितोय, कारण कुठेतरी ठेवलं पाहिजे.

आज लवकर घरी आलो. मृदुला आतल्या खोलीत आडवी झाली होती. मी ठरवलेला सराव करायचा होता, गॅरेजच्या दारापासून पॅसेजमधून बेडरूमपर्यंत, पडदे ओढून, टॉर्च लावून. तो आला तर कुठे उभं राहायचं, कुठल्या कोपऱ्यावर वळायचं. बंदूक रिकामी होती. तीनदा तपासली होती. काडतुसं तिजोरीत होती.

पॅसेजच्या वळणावर टॉर्चचा झोत मृदुलाच्या अंगावर पडला. ती भिंतीला हात लावून उभी होती.

मी बंदूक लगेच खाली केली. ती किंचाळली नाही. तिने आधी हात जोडले, मग घाईघाईने पाटल्या काढायला लागली. डावी निघेना. तोंडात बोटं ओली करून तिने ती काढली. दोन्ही माझ्यापुढे धरल्या.

"दादा, घरात सोनं एवढंच आहे. हे घ्या."

"मृदू, मी आहे. मी चारू."

"घ्या आणि जा. माझे मिस्टर यायची वेळ झाली. ते आले तर तुमच्या अंगावर येतील, आणि तुमच्याकडे हे आहे." तिने बंदुकीकडे बघितलं. "ते साधे आहेत हो. त्यांना काही करू नका."

मी बंदूक जमिनीवर ठेवली. दिवा लावला. तोंडावर उजेड पडल्यावर तरी ओळखेल असं वाटलं. तिने माझ्याकडे नीट, बारकाईने बघितलं आणि पाटल्या आणखी पुढे केल्या.

शेवटी मी त्या घेतल्या. त्याशिवाय तिचा हात खाली येईना. घेतल्या आणि पुढच्या दाराने बाहेर गेलो. पायरीवर बसलो. बराच वेळ गेला असेल. मग बेल वाजवली. तिने दार उघडलं, चेहरा उजळला, म्हणाली, "आलास? आज उशीर केलास."

तिला जवळ घेतलं तेव्हा तिच्या केसांना घामाचा वास येत होता. ती माझ्या कानाशी म्हणाली, "तो परत आला होता. पण मी घालवला त्याला."

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

ऋचाला सगळं सांगितलं. पाटल्यांसकट. ती रागावेल असं वाटलं होतं. ती रडली आणि मराठीत बोलली. "बाबा, मी येते." लहानपणी पडली की असं मराठीत बोलायची.

९ डिसेंबर, सोमवार

तपासण्या झाल्या. आज डॉक्टरांनी सांगितलं. डिमेन्शियाचा एक प्रकार, ज्यात स्मरण जातंच, शिवाय नसलेली माणसं दिसतात. बहुतेक वेळा गप्प उभी असलेली. माणसाचा तोलही जातो, तो पडतो. फेब्रुवारीच्या आधीपासून सुरू असणार, ते म्हणाले, शाळा सोडली तेव्हापासून कदाचित.

"म्हणजे घरात कोणी आलंच नव्हतं?" मी विचारलं.

"नक्की सांगणं अवघड आहे. पण तुम्ही जे सांगताय त्यावरून, नाही."

ऋचाने माझा हात धरला होता. मृदुला खिडकीतून पार्किंगकडे बघत होती.

डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी हा आजार थांबला नसता, त्याचं ओझं घेऊ नका. पण आधी कळलं असतं तर हे सगळे महिने मी कुठे असतो? गॅरेजमध्ये नसतो. याचं त्यांच्याकडे औषध नाही.

मग त्यांनी तोच प्रश्न विचारला जो त्यांना सगळ्यांना विचारावा लागतो. घरात बंदूक आहे का. ऋचाने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं.

११ डिसेंबर, बुधवार

हेमीला फोन केला. तो काम सोडून आला. आम्ही दोघांनी मिळून ती केसमध्ये ठेवली आणि पोलीस स्टेशनवर नेऊन दिली, लायसन्सही. हेमीने वाटेत काही विचारलं नाही. काउंटरवरच्या पोरीने कारण विचारलं. मी म्हटलं, गरज नव्हती. तिने "गरज नाही" असं लिहिलं. मी दुरुस्त करायला लावलं नाही.

दस्त्याकडे शेवटचं बघितलं. काम खरंच चांगलं झालं होतं. माझ्या हातून झालेलं सर्वात नेटकं काम असेल, आणि ते तिच्यासाठी केलं होतं, आणि त्याच्याशी तिचा काही संबंध नव्हता.

बाहेर आल्यावर मी हेमीला म्हटलं, "तुला खोटं सांगितलं."

"हो," तो म्हणाला. "घरी चल. मृदुलाला भेटू."

त्याची बायकोही आमच्याकडे आली होती; तिने त्यांच्या रीतीप्रमाणे मृदुलाशी नाक-कपाळ टेकवून 'किया ओरा' म्हणत नमस्कार केला. मृदुलाने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ तशीच राहिली.

४ जानेवारी २०२५, शनिवार

मी नोकरी सोडली. कंपनीने केक कापला. आता दिवसभर घरी.

दुपारी मृदुलाने माझी बाही ओढली. "तो आलाय. दारात उभा आहे."

पूर्वी मी पडदा ओढून दाखवायचो, बघ कोणी नाही. त्याने ती आणखी घाबरायची, कारण मग तो फक्त तिलाच दिसायचा. आज मी उठलो, दारापाशी गेलो, रिकाम्या पॅसेजकडे बघून म्हटलं, "आज आम्हाला वेळ नाही. तुम्ही या आता."

वळून बघितलं. ती लक्ष देऊन बघत होती.

"गेला?"

"गेला."

"इतक्या सहज?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बिचाऱ्याला कुठे जायचं असेल."

मला इतकी वर्षं वाटत होतं की तिला वाचवायचं म्हणजे समोरच्याला अडवायचं. तिला फक्त कोणीतरी उठून दारापर्यंत जायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

ऋचाकडे वेलिंग्टनला निघालोय, राहायलाच. आमचं बॉटनी डाउन्सचं घर भाड्याने दिलं. साउथ आयलंड आता होणार नाही. एवढा प्रवासच तिला जड जातोय.

वाटेत टाउपोला थांबलो. तलावाकाठच्या बाकावर मृदुलाला बसवलं आणि गाडीतून तिचा स्वेटर घेऊन आलो. ऊन होतं, वारा होता. मुलं पोहायचे टॉग्ज घालून पाण्यात उड्या मारत होती. मी स्वेटर तिच्या खांद्यावर घातला. तिने वर बघून आभार मानले.

"तुम्ही पुण्याचे का?"

मी स्वेटरची कॉलर नीट केली. "हो."

"बोलण्यावरून वाटलं. आमचे मिस्टरही तिकडचेच." ती पाण्याकडे बघायला लागली. "किती दिवसांत दिसले नाहीत. सारखे गॅरेजमध्ये असतात. माझ्यासाठी काहीतरी करतायत."

"काय करतायत?"

"कोण जाणे. मन लावून करतात, म्हणून विचारलं नाही." वाऱ्याने केस तोंडावर आले ते तिने मागे सारले. "मला ते नको होतं. ते बाहेर यायला हवे होते, इतकंच."

मी म्हटलं, "येतील."

"हो ना? येतील ना?" ती सरकली आणि बाकावर शेजारी हात फिरवून जागा केली. "तोवर तुम्ही बसा."

मी बसलो.